तहाचे गाव

डिसेंबर उतरणीला लागला की वऱ्हाडातले दिवस फार लवकर आवरतात. कपाशीची वेचणी अजून हातात असते, तूर शेंगांनी वाकलेली असते, हरभऱ्याच्या ओलितासाठी वीज येईल त्या वेळी, मग ती रात्रीची का असेना, वावरात जावे लागते. आणि सातपुड्यावरून उतरणारी थंडी शहानूरच्या काठाकाठाने अंजनगावात शिरते. या साऱ्या लगबगीत ३० डिसेंबर येतो आणि निघून जातो. तिथी नाही, जत्रा नाही, पंचांगात उल्लेख नाही. तरीही या तारखेशी आपल्या गावाचे नाव असे बांधलेले आहे की हिंदुस्थानचा अर्वाचीन इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही ते टाळून पुढे जाता येत नाही. १८०३ सालच्या या दिवशी अंजनगावच्या तळावर दौलतराव शिंदे यांचे वकील आणि इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली यांच्यात तह झाला. वसईचा तह, देवगावचा तह, सुर्जी-अंजनगावचा तह, असे आपण शाळेत ओळीने पाठ केले, आणि परीक्षेला येणारे हे गाव आपलेच आहे या विचाराने तेव्हा उगाच छाती फुगली. २०२५ च्या डिसेंबरात त्या गोष्टीला २२२ वर्षे झाली. तो अभिमान बाजूला न ठेवता, पण त्याच्या थोडे पलीकडे जाऊन, त्या दिवशी नेमके काय झाले आणि त्यात आपण कुठे होतो हे एकदा शांतपणे पाहायला हरकत नाही.

त्या वर्षीची युद्धाची वाट आपल्या ओळखीच्या मुलखातूनच जाते. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. मराठी तोफांनी तिथे इंग्रजांचे जे नुकसान केले ते वेलस्ली जन्मभर विसरला नाही, पण विजय त्याच्याकडेच राहिला. पुढे २९ नोव्हेंबरला आजच्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावच्या मैदानात नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा मोड झाला. उरला गाविलगड. चिखलदऱ्याला जाताना आपण ज्या किल्ल्यावर उभे राहून दरीचे धुके पाहतो, तो तेव्हा वऱ्हाडची कुलूप-किल्ली समजला जात होता. दक्षिणेकडून त्याचा कडा चढवत नाही, म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या माणसांनी मेळघाटातून वळसा घालून, स्वतः वाटा फोडत, जड तोफा ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या. त्या वाटा कोणाच्या हातांनी फुटल्या, दोर कोणाच्या खांद्यावर होते, बैल कोणाच्या गोठ्यातले होते, हे इतिहासाने नोंदले नाही. १५ डिसेंबरला किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंह लढता लढता कामी आला, आणि दोनच दिवसांनी देवगाव येथे रघूजी भोसल्यांनी तह केला. कटक गेले, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचे वऱ्हाडही गेले.

मग पाळी शिंद्यांची. दौलतरावांच्या बाजूने बोलणीसाठी आलेल्या मंडळींत विठ्ठलपंत हे वयोवृद्ध मुत्सद्दी होते आणि मुनशी कवलनैन होते. विठ्ठलपंतांचा चेहरा कसल्याही बातमीने हलत नसे. पत्त्यांच्या डावात असा चेहरा मोलाचा, म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना एका पत्त्यांच्या खेळाचेच नाव देऊन टाकले होते. पुढे १८१५ साली वॉटर्लूनंतर पॅरिसमध्ये, तोवर ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या या वेलस्लीला त्याचा जुना सहकारी जॉन माल्कम याने विचारले की फ्रेंचांचा विख्यात मुत्सद्दी तालेराँ कसा वाटला. तेव्हा त्याने उत्तर दिले ते असे, की बराचसा आपल्या त्या म्हाताऱ्या पंतांसारखा, पण तितका हुशार नाही. हातात पाने उरलेली नसताना डाव खेळावा लागलेल्या या वृद्ध माणसाविषयी आपल्याला आदर वाटल्याशिवाय राहत नाही. बुऱ्हाणपूर आणि असीरगड, पावागड आणि दोहद परत मिळाले. पण गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख, भडोच, अहमदनगर, अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेकडचा प्रदेश, सारे सोडावे लागले. आणि सोडावा लागला बादशहावरचा हक्क. महादजींनी आयुष्य वेचून दिल्लीच्या गादीवर जो वचक मिळवला होता, त्याचे उदक अंजनगावच्या मातीत सुटले.

एवढी मोठी गोष्ट घडली तेव्हा आपले गाव काय करीत होते? ते होते तिथेच होते. डिसेंबर होता, म्हणजे शेतात पीक होते, आणि पिकात दोन-तीन फौजांची जनावरे होती. तळाला दाणावैरण लागली असेल, सरपण लागले असेल, आणि ते मागून नेले की उचलून नेले याचा निवाडा करायला कोणी नव्हते. दिल्लीचे काय व्हावे हे अंजनगावाला विचारणे शक्य नव्हते, ते सोडून देऊ. पण अंजनगावचे काय व्हावे हेही अंजनगावाला कोणी विचारले नाही. तहाच्या कागदाला गावाचे नाव लागले ते केवळ तळ तिथे होता म्हणून. तळ चार कोस पुढे असता तर दुसरे एखादे गाव प्रसिद्ध झाले असते. या गोष्टीने खट्टू व्हायचे कारण नाही, पण ती नीट लक्षात ठेवायला हवी.

कारण ती एकदाच घडली नाही. वऱ्हाडाची पुढची दीडशे वर्षे अशाच कागदांवर गेली. देवगावच्या तहानंतर निजामाकडे गेल्यावर हा मुलूख सावकारांना आणि इजारदारांना कसण्यापेक्षा पिळण्यासाठी मिळत राहिला. पूरणमल सावकाराकडे त्याचा मोठा भाग मक्त्याने होता. १८५३ मध्ये निजामाच्या माथी बसलेल्या फौजेच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले गेले. कर्ज हैदराबादचे, तारण आपण. १९०२ साली कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांच्या ठराविक रकमेवर कायमच्या पट्ट्याने घेतले आणि पुढल्याच वर्षी मध्य प्रांताला जोडले. १९३६ मध्ये हैदराबादच्या वारसाला वऱ्हाडचा युवराज असा किताब मिळाला, इथला कारभार मात्र नागपुराहून चालत राहिला. वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड असे आपण मोठ्या प्रेमाने म्हणतो. त्या सोन्याकडे, म्हणजे आपल्या काळ्या कसदार जमिनीतल्या कापसाकडे, प्रत्येकाची नजर होती. मूर्तिजापूरहून दर्यापूर आणि अंजनगाव करीत अचलपूरला जाणारी आपली लाडकी शकुंतला रेल्वे धावू लागली तीही त्या कापसासाठीच, आणि तिची मालकी विलायती कंपनीची. १९९४ पर्यंत वाफेवर चाललेल्या त्या गाडीने आपल्या किती पिढ्यांना बाजार, शाळा, सासर आणि माहेर दाखवले याची मोजदाद नाही. पण रूळ कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके आपल्या हाती नव्हते.

मग या सगळ्या काळात गावाचे स्वतःचे असे काय होते? पुष्कळ होते. तह झाला तेव्हा सुर्जी-अंजनगावचे देवनाथ महाराज पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. एकनाथांच्या परंपरेशी नाते सांगणारा हा कवी कटाव रचत होता. अनुप्रासांच्या माळा उलगडत जाणारी, श्वास घ्यायला उसंत न देणारी ती रचना म्हणणाऱ्याची परीक्षा पाहते. दयाळनाथांसारखा शिष्य त्यांना मिळाला, मठ उभा राहिला, नाथपीठाची परंपरा आजही गावात नांदते आहे. दौलतरावांचे राज्य खचत होते त्याच वर्षांत हे घडत होते. राज्ये बदलली म्हणून कीर्तने थांबली नाहीत.

आणि होते ते पानमळे. अंजनगावचे विड्याचे पान आणि अंजनगावची पानपिंपरी ही बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हाताने वाढवलेली श्रीमंती. ज्याने पानमळ्यात एकदा पाऊल टाकले आहे त्याला ठाऊक आहे की बाहेर ऊन कितीही असो, आत शेवरी-पांगाऱ्याच्या दाट आधारांखाली हवा ओलसर असते, आणि दोन ओळींमधून चालताना आवाज आपोआप खाली येतो. थंडी सरता सरता तिथे वेल उतरवण्याचे काम निघते. वर्षभरात वेल आधाराच्या शेंड्यापर्यंत पोचलेली असते, खालचा भाग पाने खुडून खुडून उघडा पडलेला असतो. ती वेल कोणी कापून टाकत नाही. बंध सोडून तिला हलकेच खाली घेतात, जुन्या उघड्या खोडाचे वेटोळे बुंध्याशी ठेवून वर माती लोटतात, आणि शेंडा पुन्हा आधाराला बांधतात. मातीत गेलेल्या जुन्या पेरांना मुळ्या फुटतात आणि त्यांच्या जोरावर नवी पाने येतात. जुन्या गावाने नवे वर्ष कसे सुरू करावे हे या कामाइतके स्वच्छ दुसरे काही सांगत नाही. तहाची आठवण असो की शकुंतलेची, तिच्याकडे पाहत बसलो तर ती उघडे खोडच राहील. तिला मातीत घेतले पाहिजे, म्हणजे तिच्यातून आजच्या गावाला काही फुटेल.

सुदैवाने डिसेंबरचा हा उत्तरार्ध आपल्याला एकट्या तहाचीच आठवण देत नाही. २० तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. बाबांचा जन्म आपल्याच तालुक्यातल्या शेंडगावचा, २३ फेब्रुवारी १८७६ चा. आणि १९५६ च्या २० डिसेंबरला त्यांनी देह ठेवला तो वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी. म्हणजे सारा देश फिरून हा माणूस शेवटी आपल्याच जिल्ह्यात विसावला. ते गावात शिरत ते पाहुणे म्हणून नव्हे. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा. आधी रस्ता झाडायचा, गटार मोकळे करायचे, आणि रात्री त्याच लोकांना कीर्तनात बसवून कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, देवापुढे जनावर मारू नका, असे त्यांच्याच बोलीत विचारत विचारत पटवायचे. धर्मशाळा बांधल्या, पण त्यांत स्वतःसाठी खोली ठेवली नाही. सत्तेच्या कुठल्याही कागदावर त्यांची सही नव्हती. तरी नगरपालिकेने काय करावे याचा पहिला धडा आपल्याला त्यांनीच दिला.

तहाच्या तारखेच्या तीनच दिवस आधी, २७ डिसेंबरला, डॉ. पंजाबराव देशमुखांची जयंती असते. देशाचे कृषिमंत्री म्हणून आपण त्यांना आठवतो. त्याआधीचे पंजाबराव आज अधिक आठवावेत असे वाटते. १९२८ च्या सुमारास ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. विलायतेतून शिकून आलेला, वेदवाङ्मयावर प्रबंध लिहिलेला हा बॅरिस्टर जिल्ह्याच्या कौन्सिलात बसला आणि त्याने काय केले? सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुल्या केल्या आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा आग्रह धरला. प्रांताची किंवा देशाची सत्ता हाती येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. विहीर, शाळा आणि त्यांसाठी लागणारा कर, हे जिल्ह्याच्या हातात होते. तेवढ्यातून त्यांनी शतकांच्या रूढीला हात घातला. स्थानिक राजकारण म्हणजे मोठ्या राजकारणाची पहिली पायरी असे आज समजले जाते, आणि म्हणून ते चढून जाण्यापुरतेच वापरले जाते. पंजाबरावांनी त्या पायरीवर उभे राहून पुरते काम केले.

२०२५ चा डिसेंबर या दृष्टीने विशेष होता. नगरपरिषदांच्या मुदती संपून वर्षे लोटली होती. आरक्षणाचा वाद न्यायालयांत अडकला होता आणि गावागावांत प्रशासक कारभार पाहत होते. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यानंतर हालचाल झाली, २ आणि २० डिसेंबर अशा दोन टप्प्यांत मतदान झाले, २१ डिसेंबरला मतमोजणी झाली, आणि ५० टक्के जागा महिलांच्या असलेली नवी सभागृहे, मतदारांनी थेट निवडलेले नगराध्यक्ष, असे चित्र पुन्हा उभे राहिले. गुलाल उडाला, मिरवणुका निघाल्या, ते योग्यच. पण मधली ती वर्षे आपण ज्या सहजपणे काढली त्याबद्दल मनाला टोचणी लागली पाहिजे. नळाची तक्रार कोणाकडे न्यायची, वॉर्डातला दिवा कोण लावील, हे विचारायला आपला असा माणूस सभागृहात नव्हता, आणि तरी फारसा आरडाओरडा झाला नाही. ज्यांच्या नशिबाचे निर्णय इतकी वर्षे दुसऱ्यांच्या तळांवर झाले, त्यांनी तरी आपला तळ रिकामा राहू द्यायला नको होता.

युरोपातल्या फ्लँडर्स प्रांतात गेंट नावाचे विणकरांचे जुने शहर आहे. तिथे मध्ययुगापासून एक उंच घंटामनोरा उभा आहे. देवळाचा नव्हे, नगराचा. राजांकडून आणि सरदारांकडून भांडून मिळवलेल्या नगरहक्कांच्या सनदा त्या मनोऱ्यातल्या बंद खोलीत, कुलूपबंद पेटीत ठेवल्या जात. त्या भागातल्या कित्येक लहान गावांतही असे मनोरे आहेत, आणि १९९९ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले. त्या मुलखानेही परक्यांचे राज्य पुष्कळ पाहिले, स्पॅनिश, ऑस्ट्रियन, फ्रेंच, एकामागून एक. आणि वेलस्लीची शेवटची मोठी लढाई, वॉटर्लूची, तीही त्याच देशात झाली. पण गावाचा हक्क लिहिलेला कागद गावातच सांभाळायचा, ही सवय त्यांनी सोडली नाही. आज तिथे दर सहा वर्षांनी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, नगरांच्या निवडणुका होतात. २०१२, २०१८, २०२४ असा तो क्रम अखंड आहे. आपल्याकडे राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आहे, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी असे तीही सांगते. मनोरा आपल्यालाही मिळाला आहे. पेटी उघडून पाहणारे आपण कमी आहोत.

२०११ च्या जनगणनेत अंजनगावची लोकसंख्या ५६ हजारांच्या घरात होती. एवढ्या नगराचे प्रश्न अवाढव्य नाहीत, आवाक्यातले आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी शहानूरचे धरण आहे, आणि दक्षिणेला दर्यापूरकडे खारपाणपट्टा सुरू होतो, जिथे विहीर खणली तरी गोडे पाणी लागत नाही. या दोन टोकांच्या मध्ये राहणाऱ्यांना पाण्याची किंमत निराळी सांगावी लागत नाही. तरीही ज्या नदीच्या काठावर गाव वसले तिच्या पात्राकडे आपण पाठ करून घरे बांधली, आणि सांडपाण्याला तीच वाट दाखवली. पानमळ्यातल्या तरुणाला पुढल्या वीस वर्षांचा भरवसा हवा आहे. पानपिंपरी औषधाला लागते, मोठ्या बाजारात जाते, पण वाळवणे, साठवणे, प्रतवारी करणे यासाठी गावात सोय किती, हा प्रश्न सभागृहात येण्याजोगा आहे. जुन्या घरांतून, मठातून, दप्तरांतून कागद पडलेले असतील. ते पावसाळ्यागणिक कमी होत आहेत.

म्हणून नव्या नगराध्यक्षांकडे आणि नगरसेवकांकडे आपले काही मागणे आहे. फेब्रुवारीत अंदाजपत्रक येईल. ते सभागृहात मंजूर होण्याआधी प्रभागाप्रभागांत, शाळेच्या ओट्यावर किंवा मंदिराच्या सभामंडपात, मराठीत वाचून दाखवावे. राज्याच्या कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभांची तरतूद आहे. त्या सभा कागदावरून प्रभागात उतरवाव्यात, आणि त्यांच्या वेळा शेतावरून परतणाऱ्यांना आणि घरकाम आवरून निघणाऱ्या बायांना जमतील अशा ठेवाव्यात. सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त महिन्याच्या आत वाचनालयात वाचायला मिळावे. आणि दरवर्षी ३० डिसेंबरला नगरपरिषदेने वर्षाचा जाहीर हिशेब मांडावा. आलेला पैसा, गेलेला पैसा, राहिलेली कामे, न जमलेली कामे. त्याच दिवशी शाळांतल्या मुलांनी तहाची कलमे वाचावीत, गाविलगडाची मोहीम नकाशावर दाखवावी, देवनाथांचा एखादा कटाव एका दमात म्हणून दाखवण्याची पैज लावावी. मागणे फक्त त्यांच्याकडेच नाही. पुढच्या ३० डिसेंबरला हिशेब मांडला गेला आणि ऐकायला पुढच्या दोन रांगांत फक्त पदाधिकारी बसले असले, तर चूक नगरपरिषदेची नसेल. आपण त्या दिवशी यायचे आहे, आणि येताना आपल्या गल्लीचा एक तरी लेखी प्रश्न खिशात घेऊन यायचे आहे.